भाट्याच्या किनाऱ्यावर मुलाबाळांसह जाताना: आधी तिथी, मग गाडी

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या रत्नागिरीच्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे असतात. चहा संपायच्या आत कुणीतरी विचारतंच, "मुलांना भाट्याला कधी न्यायचं? चारला निघू की पाचला?" मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघते आणि मग उत्तर देते. नव्या माणसाला याचं नवल वाटतं. पण भाट्ये हा खाडीच्या तोंडावरचा किनारा आहे. सकाळी जिथे मुलांनी किल्ला बांधला, तिथे दुपारी माणूसभर पाणी असू शकतं. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

जागा आधी डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते. नदीच्या उत्तरेला राजिवडा, मांडवी आणि शहर, दक्षिणेला भाट्ये. मध्ये भाट्याचा पूल. पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलात की उजव्या हाताला सुरूचं बन आणि त्याच्यापलीकडे वाळू. या वाळूचं उत्तरेकडचं टोक थेट खाडीच्या तोंडाशी जातं आणि दक्षिणेकडचं टोक खडकांपाशी संपतं. त्या बाजूला झरी विनायकाचं देऊळ आहे. हे दोन शेवट पक्के लक्षात ठेवा, कारण पुढे मी वारंवार "तोंडाची बाजू" आणि "देवळाची बाजू" असंच म्हणणार आहे.

पहिलं काम: तिथीवरून भरती काढा

मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात, त्या जरूर बघा. पण आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला हिशोब इतका सोपा आहे की तो प्रत्येकाला यावा असं मला मनापासून वाटतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास समुद्र भरलेला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांनी, थोडं वरच, पूर्ण ओहोटी. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती धरा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेवढी सूट ठेवा.

हे जुळतं, कारण भरती चंद्रामागे चालते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पंधरा दिवसांत तिचा फेरा पूर्ण होतो.

आता याचा उपयोग कसा करायचा ते सांगते. मुलांना हवी असते ती ओहोटीची रुंद, ओली, घट्ट वाळू. आणि आईवडिलांना हवं असतं सुसह्य ऊन. दोन्ही जुळतात अशा तिथी ठरलेल्या आहेत. संध्याकाळी जायचं तर द्वादशी ते चतुर्दशी उत्तम. त्रयोदशीला रात्री पावणेदहाची भरती, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी. चारला पोचलात तर किनारा सगळ्यात मोठा मिळतो आणि सूर्य बुडेपर्यंत पाणी हळूहळू तुमच्याकडे येत राहतं. सकाळचे हौशी असाल तर द्वितीया ते चतुर्थी बघा. या दिवसांत सकाळी साडेसात ते सव्वानऊच्या दरम्यान ओहोटी असते. सप्तमी ते नवमीला मात्र संध्याकाळी समुद्र भरलेला असतो आणि वाळूचा पट्टा अरुंद उरतो. अशा संध्याकाळी लाटा बघायला, सुरूच्या बनात बसायला जरूर या, पण किल्ले बांधायचा कार्यक्रम सकाळवर टाका.

एक गोष्ट आणखी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि त्यानंतरचे दोन दिवस, उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा हा फरक कमी. वर सांगितलेल्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या संध्याकाळी छान असतात खऱ्या, पण त्या उधाणाच्या तोंडावरच्या असतात. पाणी येतं तेव्हा जोरात येतं. तेही सहाही तास सारख्या वेगानं येत नाही. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे ओहोटीनंतर पहिला तासभर "अजून काहीच आलं नाही" असं वाटतं आणि तिसऱ्या तासाला चपला वाहून जातात. माझ्या नणंदेच्या घरच्यांनी असे चार जोड एकाच संध्याकाळी घालवले आहेत. चपला, पिशव्या, चटई हे सगळं वाळूवर वाळक्या शेवाळाची आणि काटक्यांची जी रेघ दिसते तिच्या वरच ठेवायचं. ती रेघ म्हणजे आदल्या भरतीनं आखलेली हद्द.

कधी यायचं, कसं यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मार्च ते मे ऊन कडक, पण हापूसचा मोसम असतो, त्यामुळे लोक येतातच. तेव्हा सकाळी नऊच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालायचा नाही. नदीला पूर येतो, लाल पाण्याबरोबर ओंडके वाहत येतात, समुद्र खवळलेला असतो. यांत्रिक नौकांनाही राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला तेही त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पावसाळ्यात पुलावरून, गाडीतून बघा. तेही फार सुंदर असतं.

रेल्वेनं आलात तर रत्नागिरी स्थानक शहराबाहेर आहे, तिथून रिक्षा करावी लागते. मुंबई-गोवा महामार्गानं येणाऱ्यांनी हातखंब्याला वळायचं. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून यायचं. शहरातून भाट्ये अगदी जवळ आहे, पावस बाजूच्या एसटीनंही जाता येतं. कंडक्टरला "भाट्ये किनारा" सांगा, पूल ओलांडल्यावर उतरवतील. परतीची गाडी कधी आहे ते उतरतानाच विचारून ठेवा.

स्वतःची गाडी असेल तर ती रस्त्याकडेला किंवा नेमून दिलेल्या जागीच लावा. वाळूवर आणू नका. वरून घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली भुसभुशीत निघते, आणि भरती चढत असताना रुतलेली गाडी काढणं म्हणजे जिवाला घोर. शिवाय त्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात, कधी कासवाची अंडीही.

किनाऱ्यावर कुठे बसायचं

हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

बनातून वाळूवर आलात की समोर समुद्र असतो आणि नवा माणूस त्याच्याचकडे बघत राहतो. भाट्याला मात्र आधी उजवीकडे बघायचं, नदीकडे. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी खाडीत आत, पुलाच्याही खूप पलीकडे जातं. ओहोटी लागली की ते सगळं पाणी, त्यात नदीचं पाणी मिळवून, त्या एका तोंडातून बाहेर पडतं. वरून ते सपाट, शांत दिसतं. लाटा नसतात, म्हणून लोकांना वाटतं की लहान मुलांसाठी हीच बाजू बरी. खरं अगदी उलटं आहे. लाट माणसाला किनाऱ्याकडे ढकलते, ओहोटीची धार समुद्राकडे ओढते. त्या धारेविरुद्ध चांगला पोहणाराही दमतो.

दुसरं म्हणजे तिथला तळ. नदी गाळ आणते, समुद्र वाळू आत लोटतो, दोघांच्या भांडणात तोंडाशी वाळूचे दांडे तयार होतात आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. मासेमारी नौकांनाही इथे ओहोटीला अडखळायला होतं, त्या भरतीची वाट बघतात. वाळूच्या दांड्यालगतच खोल पाण्याची वाट असते आणि तिची कड एकदम तुटते. पाणी गढूळ असल्यामुळे ती दिसत नाही. माझा भाचा सात वर्षांचा असताना तिथे घोटाभर पाण्यात माझ्या शेजारी उभा होता. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं आणि कमरेपर्यंत आत गेला. त्याचा हात माझ्या हातात होता म्हणून तो लगेच वर आला. त्या दिवसापासून मी कुणालाही, कितीही मोठं असो, त्या टोकाला पाण्यात उतरू देत नाही.

म्हणून बैठक मारायची ती किनाऱ्याच्या मधल्या भागात, तोंडापासून चांगलं लांब, देवळाच्या बाजूला सरकून. तोंडाच्या बाजूला चालत जायला हरकत नाही. तिथून पलीकडे मांडवीची जेटी दिसते, रत्नदुर्गाचा डोंगर दिसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या इतक्या जवळून जातात की मुलं हात हलवतात आणि होडीवरचे लोकही हलवतात. पण हे सगळं कोरड्या वाळूवर उभं राहून. ओहोटीला मध्येच उघडा पडलेला वाळूचा दांडा खुणावतो, त्यावर जाऊ नका. भरती चढताना दांड्याच्या आणि किनाऱ्याच्या मधली खोलगट जागा आधी भरते आणि माणूस मागच्या मागे अडकतो.

पाण्यात उतरताना

मधल्या भागातही नियम साधे ठेवा. लहान मुलांना गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि एका मुलामागे एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाइल नाही. मोठ्यांनी कमरेच्या आत राहायचं. पाणी चढत असताना उतरलेलं बरं, उतरत असताना नको. दोन लाटांच्या मध्ये एखादा पट्टा सपाट आणि गढूळ दिसला, तिथे फेस समुद्राकडे जाताना दिसला, तर ती बाहेर ओढणारी धार असते. तिथून बाजूला व्हा. चुकून तिच्यात सापडलातच तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. किनाऱ्याला समांतर पोहत धारेबाहेर पडा आणि मग परत फिरा. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करा.

पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता घसटत चाला. खाडीच्या तोंडाशी वाळूत पाकट नावाचा चपटा मासा बसलेला असतो. पायाची घसट लागली की तो निघून जातो, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागलाच तर जखम स्वच्छ करून सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना पुष्कळ कमी होते, आणि दवाखाना गाठा. काटा खोल रुतला असेल तर स्वतः उपटू नका. जेलीफिश लागला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, आणि वाळूवर पडलेला जेलीफिश मेलेला दिसला तरी मुलांना हात लावू देऊ नका. देवळाच्या बाजूच्या खडकांवर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. तिथे अनवाणी चढायचं नाही.

जीवरक्षक असतीलच हे गृहीत धरून कुठलाही बेत करू नका. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि पहिली हाक जवळच्या कोळी बांधवांना मारा. त्यांना हे पाणी आपल्यापेक्षा शंभरपट अधिक कळतं. एखाद्यानं "आज उतरू नका" म्हटलं तर प्रश्न न विचारता ऐका.

मुलांना काय दाखवायचं

ओहोटीच्या वाळूवर थोडं वाकून बघितलं की दोन तास कसे जातात कळत नाही. बारीक खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडतात. ते वाळूतले खाण्याजोगे कण वेचून उरलेली वाळू गोळी करून टाकतात. मुलांना एका जागी पाच मिनिटं गप्प बसायला सांगा, पळालेले खेकडे पुन्हा वर येतात. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे येतात. त्यांच्या मागे मुलांना पळवू नका, लांबचा प्रवास करून आलेले असतात ते. आकाशात तांबूस पंखांची, पांढऱ्या डोक्याची घार घिरट्या घालताना हमखास दिसते.

खाडीच्या बाजूला ओहोटीला तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि कालवं काढणाऱ्या बायका दिसतील. चिखलात तासन्‌तास वाकून त्या पोटापुरतं मिळवतात. लांबून बघा, बोलायला वेळ आहे का ते विचारून मग बोला, आणि न विचारता फोटो काढू नका. त्यांच्याकडून तिसऱ्या विकत मिळाल्या तर घ्या. मात्र बंद शिंपल्याच घ्या, उघडी राहिलेली आणि टिचकी मारून न मिटणारी टाकून द्यायची. वाळू सुटण्यासाठी मिठाच्या पाण्यात ठेवा, आणि ओलं खोबरं घालून सुकं करा.

रिकामे शिंपले मुलांनी चार-दोन घेतले तर ठीक, पिशवी भरू नये. वाळूवर कासवाच्या पावलांचा रुंद माग किंवा घरट्याभोवती लावलेली जाळी दिसली तर दूर राहा. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीच्या दिवसांत या जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, जवळच्या गावखडीला तर संवर्धनाचं काम चालतं. घरटं उघडं पडलेलं दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पिशवीत काय हवं

पिण्याचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट. पाय धुवायला वेगळी बाटली. मुलांचे कोरडे कपडे, टोप्या, एक जुनी चादर, बँडेज आणि जंतुनाशक. प्लास्टिकच्या खेळण्यांऐवजी नारळाची करवंटी आणि जुना डबा द्या. करवंटीनं वाळूचे मोदक इतके छान पडतात की मुलं बादली विसरतात. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, आणि ती भरून परत न्यायची. स्वच्छतागृह शहरातून निघतानाच उरकून या, विशेषतः सोबत आजी-आजोबा असतील तर. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणलीत तर ती सुरूच्या सावलीत लावा. सुरूची सुया-पानं मऊ वाटतात, पण त्यांतली बारीक फळं तळव्याला टोचतात, तेवढी चप्पल पायात असू द्या.

खायला घरून थालीपीठ, दडपे पोहे असलं काही आणलं तर उत्तम. शहाळं मिळालं तर नक्की प्या. भाट्याला कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, 'प्रताप' ही नारळाची जात तिथलीच. मोठ्या मुलांना ते ठाऊक असलं की समोरची माडाची झाडं ती वेगळ्या नजरेनं बघतात.

परत जाताना

सूर्य पाण्याला टेकला की आवरायला घ्या. अंधार पडल्यावर वाळूत कुणी थांबू नये, भरती कुठवर आली ते दिसत नाही. माणसं मोजा, चपला मोजा, मग निघा.

जमलं तर दुसऱ्या दिवशी मुलांना थिबा पॉइंटवर न्या. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं होतं, त्याच्यासाठी १९१० साली बांधलेला राजवाडा तिथून जवळच आहे. आदल्या संध्याकाळी ओहोटी बघितली असेल, तर या खेपेला पुन्हा पाऊणपटीचा हिशोब करा आणि बरोबर भरतीची वेळ गाठा. त्रयोदशीला किनाऱ्यावर गेला असाल तर चतुर्दशीला सकाळी साडेदहा. वरून काजळीचं अख्खं पात्र, पूल, राजिवड्याच्या होड्या आणि खाडीचं तोंड एका नजरेत येतं. काल उघडे पडलेले वाळूचे दांडे आता कुठे आहेत ते मुलांना शोधायला सांगा.